फुगेवाला मिस्त्री

भीमराज साळवेच्या पत्र्याच्या पेटीत पाने होते, पक्कड होती, प्लग साफ करायचा तारेचा ब्रश होता, आणि सगळ्यात वर एका पिशवीत वीस-पंचवीस रंगीत फुगे होते. घाटकोपर स्टेशनबाहेरच्या फुगेवाल्याकडून तो ते डझनाने घ्यायचा. या माणसाच्या घरी पोरांचं लेंढार आहे, अशी त्या फुगेवाल्याची पक्की समजूत झाली होती. प्रत्यक्षात भीमराजला एकच मुलगी, आणि ती फुगा दिसला की कानांत बोटं घालून आईमागे लपायची.

विक्रोळीला आग्रा रोडवर एका करंजाच्या झाडाखाली त्याचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे झाड, झाडाला टांगलेला टायर, एक बाक आणि एक पाटी. पाटीवर लिहिलं होतं, 'येथे गाडीचे ऐकून घेतले जाईल.' ती पाटी मी रंगवली. आम्ही दोघं नाइट स्कूलमध्ये एका बाकावर बसलो होतो, त्यामुळे असली फुकटची कामं माझ्याच गळ्यात पडायची. 'मोटार रिपेअरिंग' असं सरळ लिही म्हणून मी त्याच्याशी तासभर भांडलो. तो म्हणाला, "रिपेअरिंग सगळेच करतात रे. आधी ऐकतं कोण?"

मी पोस्टात कारकून, राहणार मुलुंड. मोटारीचा आणि माझा संबंध रस्ता ओलांडण्यापुरता. पण भीमराजबद्दल मी कोणालाही अडवून सांगू शकतो. तो कामाला पांढरा शर्ट घालून बसायचा, आणि संध्याकाळी घरी जाताना तो शर्ट पांढराच असायचा. त्याची बायको चंपा म्हणायची, मिस्त्र्यांच्या बायकांत माझ्याएवढी सुखी कोणी नसेल. भीमराजचं म्हणणं असं, की मिस्त्रीच्या अंगावर डाग पडला म्हणजे त्याने विचार न करता काहीतरी उघडलं. गाडी आली की तो आधी अर्धा कप चहा घेणार, मग मालकाला दहा प्रश्न विचारणार, मग स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानाला आणि टोक इंजिनाला लावून डोळे मिटणार. पाना सगळ्यात शेवटी. घाईतलं गिऱ्हाईक तोवर दुसऱ्या झाडाखाली गेलेलं असायचं.

पूर्वी तो अंधेरीच्या एका मोठ्या गॅरेजात होता. तिथे जुनी गाडी आली की जॉबकार्डावर 'इंजिन काम' असं आधीच लिहिलेलं असायचं. भीमराज ते खोडून खाली जे दिसलं ते लिहायचा. 'एक नळी बदलली. इंजिन उत्तम.' असं तिसऱ्यांदा झालं तेव्हा शेठने त्याला बोलावून घेतलं आणि त्याची पेटी हातात दिली. त्याने मला हे सांगितलं तेव्हा मी त्याच्यावर ओरडलो. एखाददुसऱ्या वेळी तोंड मिटून बसायला काय झालं होतं तुला? तो म्हणाला, "इंजिन खोटं बोलत नाही जयवंत. मग मी त्याच्या नावावर कसा बोलू?" असल्या माणसाशी मैत्री ठेवणं हे एक काम असतं.

तर हा भीमराज मी माझ्या बहिणीच्या घरी नेला, ती शहाऐंशी सालच्या दसरा-दिवाळीमधल्या एका रविवारची गोष्ट.

माझी बहीण वनमाला, आमची आक्का, तेव्हा सत्तेचाळीस वर्षांची होती आणि गाडी चालवायला शिकत होती. विक्रोळीच्या त्यांच्या कॉलनीत तोवर बाईमाणसाने स्कूटरसुद्धा चालवली नव्हती. आक्काने मुलीचं लग्न लावून दिलं, मुलाला नोकरीला पाठवलं, आणि एके दिवशी नवऱ्याला म्हणाली, "अहो, आता मी गाडी शिकणार." भावोजींना वाटलं गंमत करते. महिन्याभराने तिने शिकाऊ लायसन पुढ्यात ठेवलं, तेव्हा त्यांच्या हातातला चहा बशीत सांडला.

भावोजी म्हणजे गुणाजी पेडणेकर, मालवणकडचे, एका कारखान्यात स्टोअरकीपर. स्वभावाने नारळच, फक्त फोडायला दगड सापडत नव्हता. त्यांनी त्रेसष्ट सालची जुनी फियाट घेतली होती आणि तिला ते घरातल्या माणसांपेक्षा जपत. आक्काला शिकवलं त्यांनीच, पण बाजूला बसून त्यांचा एक हात हँडब्रेकवर आणि दुसरा दाराच्या कडीवर असायचा. नजर रस्त्यावर नसायची, आक्काच्या पायांवर असायची. "क्लच! क्लच! अगो क्लच!" हा जप कॉलनीच्या गेटपासून घाटकोपरपर्यंत चालायचा. तरी ती शिकली. गुरुवारी अंधेरीच्या आर.टी.ओ.त तिची परीक्षा होती.

आणि दसऱ्यानंतर गाडीला काय झालं कोण जाणे. जिकडून तिकडून तेल यायला लागलं. इंजिनाच्या वरून, खालून, बाजूने. मागून निळा धूर. तेल मोजायची पट्टी आपोआप वर उडून बॉनेटला आपटायची. घाटकोपरच्या एका मिस्त्रीने लांबूनच सांगितलं, रिंगा गेल्या, इंजिन उघडून बोअर करा. भावोजींच्या कारखान्यातल्या दोघांनी तेच सांगितलं. भावोजींनी सरळ हिशेब मांडला. तेवीस वर्षं चाललेलं इंजिन बायको शिकायला लागल्यावर चार महिन्यांत बसलं, म्हणजे दोष कोणाचा?

"पयल्या गियरमध्ये घो घो करून नेलस," ते म्हणाले. "तुझ्या शिकण्यान गाडयेचो सत्यानाश झालो. सोमवारी कुर्ल्याचो भंगारवालो येतलो. गाडी गेली, लायसनय गेला."

आक्का माझ्याकडे मुलुंडला येऊन रडली. आमची आक्का रडत नाही. आई गेली त्या दिवसांतही ती घर सांभाळत होती. ती म्हणाली, "गाडी गेली तर जाऊ दे रे जयवंता. पण ते जन्मभर म्हणणार, हिने मोडली. आणि मला कसं कळणार, खरंच मी मोडली की काय?"

मी त्याच पावली भीमराजकडे गेलो.

रविवारी सकाळी नऊला तो आला, पांढऱ्या शर्टात. कॉलनीतली निम्मी माणसं गाडीभोवती जमली होती, कारण रविवार होता आणि कुणाचं तरी नुकसान होणार होतं. भावोजी पांढरा लेंगा आणि बनियन घालून, हात पाठीमागे बांधून उभे होते. आक्का चहा घेऊन आली. भावोजी तेलाचा डबा आणायला आत वळले तशी ती भीमराजला हळूच म्हणाली, "भाऊ, खरं सांगाल ना? माझ्या चालवण्याने झालंय का हे?"

"जे असेल ते सांगेन ताई," भीमराज म्हणाला. "तुमच्या बाजूचं असलं तरी आणि नसलं तरी."

"तेच पाहिजे मला," ती म्हणाली.

मला त्याचा असा राग आला! 'छे हो, तुमच्याने कसं होईल' एवढं म्हणायला काय जीभ झिजली असती? मी त्याला कोपराने ढोसलं. त्याने कप माझ्या हातात दिला आणि कामाला लागला.

आधी प्रश्न. कधीपासून? दसऱ्यापासून. त्याआधी तेल यायचं? एका नळीतून थेंब थेंब, बाकी कुठून नाही. मग त्याने चारही प्लग काढले आणि तळहातावर ओळीने मांडून चष्मा वर करून पाहिले. प्रत्येक भोकावर दाब मोजायचं गेज धरून भावोजींना चावी फिरवायला लावली. चारही वेळा काटा जवळजवळ एकाच जागी गेला. "रिंगा वयाच्या मानाने ठीक आहेत," तो म्हणाला. घाटकोपरच्या मिस्त्रीचं नाव घेऊन कोणीतरी हरकत घेतली. भीमराज म्हणाला, "त्यांनी लांबून बघितलं. मी जवळून बघतोय."

प्लग परत बसवले. मग त्याने पेटीतून एक लाल फुगा काढला.

गर्दीत खसखस पिकली. भावोजी म्हणाले, "ह्या काय? वाढदिवस आसा काय गाडयेचो?"

भीमराजने तेलाची पट्टी बाहेर काढली आणि न पुसता, न बघता तशीच बाजूच्या बाकावर आडवी ठेवली. ज्या नळीत ती पट्टी बसते, तिच्या तोंडावर त्याने फुग्याचं तोंड ओढून बसवलं आणि सायकलच्या ट्यूबचा रबर घट्ट गुंडाळला. "करा चालू," म्हणाला.

भावोजींनी इंजिन चालू केलं. फुगा क्षणभर मान टाकून पडला होता. मग तो हलला. मग उठला. मग बघता बघता लिंबाएवढा झाला, नारळाएवढा झाला, आणि पोरांनी टाळ्या पिटायला सुरुवात केली. पहिल्या मजल्यावरच्या बायका कठड्यावरून वाकल्या. कोणीतरी "गणपती बाप्पा!" ओरडलं आणि सगळ्यांनी "मोरया!" केलं. फुगा कलिंगडाएवढा झाला, आतून काळपट दिसायला लागला, आणि भावोजी तो नीट बघायला गाडीतून उतरून पुढे आले. भीमराज मात्र दोन पावलं डावीकडे सरकून उभा राहिला होता.

फट्!

भावोजींच्या बनियनवर, लेंग्यावर, कपाळावर, मिशीत तेलाचे थेंब. मग अख्खी कॉलनी फुटली. मी हसू आवरायला तोंडात रुमाल कोंबला, तरी नाकातून आवाज आलाच. आक्काने पदर तोंडाला लावला होता आणि तिचे खांदे गदगदत होते. बिचारीचं सगळं पणाला लागलेलं, आणि तरी हसू थांबेना. भीमराजच्या शर्टावर एक थेंब नव्हता.

"हसतास कित्याक?" भावोजी गरजले.

"इंजिनाच्या पोटात हवा कोंडलीय," भीमराज शांतपणे म्हणाला. त्याने इंजिन बंद केलं आणि आक्काकडे वळला. का कोण जाणे, तो तिलाच समजावून सांगू लागला. "ताई, वर स्फोट होतो, त्यातला थोडा वायू रिंगांच्या फटीतून खाली पोटात उतरतो. नव्या इंजिनात कमी, जुन्यात थोडा जास्त. त्यात आजार काही नाही, वय आहे. तो बाहेर जायला एक वाट ठेवलेली असते. कुकरची शिट्टी चिकटली तर काय होतं?"

"रबरातून वरण बाहेर येतं," आक्का पटकन म्हणाली. "भिंतीवर उडतं सगळं."

"तसंच. नाक दाबलं की तोंड उघडतं. वाट बंद झाली की वायू तेलाला ढकलतो. मग सीलमधून, झाकणाखालून, मिळेल तिथून तेल येतं. पट्टीसुद्धा उडते. त्या वाटेची नळी खाली उघडते. ती बघायला हवी." त्याने शर्ट काढला, नीट घडी करून माझ्या हातात दिला, गोणपाट अंथरलं आणि गाडीखाली शिरायला वाकला.

मी सहज आक्काकडे पाहिलं. तिच्या तोंडावरचं हसू पार उतरलं होतं. डोळे गाडीच्या खालच्या बाजूला खिळले होते. मला काही कळेना.

"थांबा भाऊ," ती म्हणाली. "ती नळी मी बंद केलीय."

एवढ्या माणसांत ती हे बोलली. भीमराज गुडघ्यावरच थांबला.

मग तिने सांगितलं. गाडी परत येऊन दारात उभी राहिली की त्या नळीतून थेंब पडायचा, तो बरोबर तुळशीपुढच्या रांगोळीवर. रोज पांढऱ्या रांगोळीच्या मधोमध काळा ठिपका. दसऱ्याच्या आदल्या दिवशी तिने पूजेसाठी गाडी पुसायला घेतली, खाली वाकून पाहिलं, तर तेलाने माखलेली ती उघडी नळी. आमच्या आईने जन्मभर खोबरेल तेलाच्या डब्याचं तोंड नारळाच्या सोडणाने, म्हणजे वरच्या काथ्याने, बंद केलं. आक्काने तेच केलं. नारळाचं सोडण कुटून, पिळून, चांगला घट्ट बोळा केला आणि नळीत ठोकून बसवला. दुसऱ्या दिवशी गाडीची पूजा झाली. थेंब थांबला. दोन दिवस तिला स्वतःचं कौतुक वाटलं होतं.

भीमराज खाली गेला आणि पक्कडीने तो बोळा ओढून बाहेर घेऊन आला. तेलाने काळा झालेला बोळा, आणि त्याच्या टोकावर अजून लाल-पिवळं हळदकुंकू दिसत होतं. पूजेच्या वेळी तिने त्यालाही लावलं होतं. कोणालाच वगळायचं नाही अशी तिची रीत.

पुन्हा सगळे हसले, पण या वेळी आक्का हसली नाही. भावोजींनी बोळा हातात घेतला, उलटसुलट पाहिला. कपाळावर तेल, मिशीत तेल आणि मुद्रा मात्र न्यायाधीशाची.

"बघलास?" ते मला म्हणाले. "माका ठावक होता. हिनाच मारल्यान गाडयेक. संपला आता. लायसन नाय नि फायसन नाय. आजपासून गाडयेक हात लावूचो नाय."

आक्काने खाली ठेवलेला चहाचा ट्रे उचलला आणि घराकडे वळली. एका सोडणाच्या बोळ्यापायी! मी भावोजींना काहीतरी बोलणार होतो, आणि ते फार वाईट असणार होतं.

"ताई, जाऊ नका," भीमराज म्हणाला. "माझं सांगून झालेलं नाही."

त्याने शर्ट घातला, बटणं लावली. मग बाकावरची तेलाची पट्टी उचलली आणि भावोजींच्या डोळ्यांपुढे धरली. तेल वरच्या खुणेच्याही दोन बोटं वर गेलं होतं.

"साहेब, एवढं तेल कोणी भरलं?"

भावोजींनी हातातला बोळा लेंग्याला पुसला.

"रोज भरता?"

"रोज सकाळी," भावोजी खाकरले. "खाली डाग दिसता ना. जितको माल गेलो तितको भरूक नको? स्टोअरात तसाच करतंव."

"पट्टी बघून?"

पट्टी त्यांनी पाहिलीच नव्हती. डाग मोठा दिसला की डबा मोठा, असा त्यांचा हिशेब. चमचाभर तेल फरशीवर पसरलं की परातीएवढा डाग पडतो, हे अठ्ठावीस वर्षं स्टोअर सांभाळलेल्या माणसाच्या लक्षात आलं नव्हतं.

"नाक बंद असताना माणसाला जेवू घालू नये," भीमराज म्हणाला. "आत सगळा फेस झालाय. निम्मा धूर त्याचा."

पहिल्या मजल्यावरून कोणीतरी शिट्टी मारली. भीमराजने तिकडे लक्ष दिलं नाही. जादाचं तेल त्याने खालून एका डब्यात काढलं, नळी तारेने साफ केली, आणि पेटीतून दुसरा फुगा काढला. हा पिवळा होता. सगळी माणसं एकदम चार पावलं मागे सरली. भावोजी आठ. भीमराजने फुगा पट्टीच्या नळीवर बसवून स्वतःच इंजिन चालू केलं. फुगा नळीच्या तोंडावर लोंबत राहिला, थोडासा थरथरला, आणि तसाच राहिला. मागचा निळा धूर आधी दाट आला, मग विरळ, मग दिसेनासा झाला. सगळ्यांची थोडी निराशाच झाली असावी. मी मात्र त्या लोंबत्या फुग्याकडे बघून उड्या मारायच्या बेतात होतो.

"मग चालवण्याचं काय?" आक्काने विचारलं. ती ट्रे घेऊन तिथेच उभी होती.

भीमराजने हात पुसले. सगळ्यांना ऐकू जाईल असं, पण आवाज न चढवता तो बोलला. "ताईंनी नळी बंद केली. चूक. साहेबांनी न बघता तेल भरलं. चूक. या दोघांचा त्रास काढत हे इंजिन पंधरा दिवस चाललं. प्लग बघितले, कुठे तापल्याची खूण नाही. गियर कुठे घासलेला नाही, मी ऐकलंय. तुमच्या चालवण्यातला दोष मी शोधला ताई. खूप शोधला. नाही सापडला."

आक्काने ट्रे बॉनेटवर ठेवला आणि सगळ्यांसमोर दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. रडत होती की हसत होती, सांगता यायचं नाही. दोन्ही असेल. मी गाढवासारखा भीमराजच्या पाठीवर थापटत राहिलो. सकाळी त्याने तिला गोड शब्द दिला असता, तर आता या शब्दाला काय किंमत राहिली असती? हे मला तेव्हा कळलं, आणि माझ्या रागाची मला लाज वाटली.

भावोजी बराच वेळ स्वतःच्या बनियनकडे पाहत होते. मग त्यांच्या मिशीतून फुस्स असा आवाज आला. मग आणखी एक. माणूस हसत होता! "मिया न्हातंय," ते म्हणाले, आणि जाता जाता मला बजावलं, "त्या भंगारवाल्याक सांग, येव नको म्हणान."

गुरुवारी मी पोस्टात खोटी अर्धी रजा टाकली. भीमराजला ओढून नेलं, त्याने झाडावर 'मिस्त्री परीक्षेला गेला आहे' असा कागद अडकवला. अंधेरीला आक्का मैदानात गाडी घेऊन गेली, बाजूला इन्स्पेक्टर. आम्ही तिघं कुंपणाशी. भावोजी तोंडातल्या तोंडात "क्लच, क्लच" पुटपुटत होते, आणि त्यांचा डावा पाय जमिनीवर दाबला जात होता. वीस मिनिटांनी ती परत आली. इन्स्पेक्टर उतरताना म्हणाला, "बाई, पुरुषांना पण शिकवा जरा." आक्का पास झाली होती. मी आणि भीमराजने तिथेच फुगडी घातली. खोटं वाटत असेल तर त्याच्या बायकोला विचारा, कारण त्या दिवशी पहिल्यांदा त्याच्या शर्टाला लाल माती लागली.

परतताना आक्का चालवत होती, बाजूला भावोजी, मागे आम्ही दोघं. साकीनाक्याला ही गर्दी. ट्रक, रिक्षा, हातगाड्या. मी पुढे वाकून पाहिलं, भावोजींचा हात हँडब्रेकवर आहे का म्हणून. तो मांडीवर होता, उलटा पडलेला, बोटं सैल. मान खिडकीकडे कलली होती. भावोजी झोपले होते. चार महिन्यांत त्या सीटवर एकदा पाठ न टेकलेला माणूस तोंड उघडं टाकून घोरत होता.

आक्काच्या लक्षात आलं. तिने गाडी हळू केली. मागे एक लाल बस होती, तिच्या ड्रायव्हरने करकरून हॉर्न वाजवला. आक्काने उजवा हात खिडकीबाहेर काढला, परीक्षेत दाखवला होता तसा, तळवा खाली करून हळूहळू वरखाली केला, आणि मान वळवून त्याला सांगितलं, "वाजवू नको रे बाबा. माणूस झोपलाय."